मामंजींचा घास

“व्याही जेवले का?” सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवत विचारले.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “आणि ते तुमचे व्याही नाहीत, आई. तो मासा आहे.”

“असं कसं? काल दुपारी माझ्या हातून तर लागोपाठ दोन कोळंब्या घेतल्या.”

डॉक्टरांच्या हातातली बशी ओठांपाशी पोहोचली होती, ती तिथेच थांबली. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची पत्नी उभी होती. तिने आईकडे पाहून डोळे मोठे केले, पण बोलून चुकलेला शब्द डोळ्यांनी परत घेता येत नाही.

डॉक्टर दातांचे होते. तळमजल्यावर दवाखाना, वर घर, आणि घराच्या बैठकीत, लोक जिथे टीव्ही ठेवतात त्या जागी, अर्धी भिंत व्यापणारी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तीत त्यांनी मोठ्या चिकाटीने प्रवाळाची बाग वाढवली होती. सकाळी वरचा दिवा लागला की आधी काहीच घडत नसे. मग जांभळ्या खडकाच्या कडेतून केसाएवढा एक तंतू बाहेर येई, त्याच्यामागे दुसरा, आणि पाहता पाहता, आतापर्यंत जो दगड वाटत होता तो असंख्य इवल्या हातांनी पाणी चाचपू लागे. हे दृश्य डॉक्टर रोज पाहत आणि रोज त्यांचा श्वास अडखळे. हवामानाच्या अंदाजापासून सासूबाईंच्या चष्म्याच्या नंबरापर्यंत कोणत्याही विषयात ज्यांचा विरुद्ध पक्ष तयार असे, ते डॉक्टर त्या काचेपुढे अवाक् होऊन बसत. घरातल्या बायकांनी टाकी खपवून घेतली होती ती मुख्यतः या शांततेसाठी.

त्या बागेत अलीकडेच एक मासा आला होता. त्याला मासा म्हणणे हा भाषेचा नाइलाज होता. आकार मुठीएवढा, रंग पिकल्या संत्र्याचा, अंग स्पंजासारखे खडबडीत. तो पोहत नसे. पुढचे दोन पर कोपरांसारखे टेकून तो खडकावरून चालत जाई आणि एखादी जागा पटली की तिथे रेलून बसे. ओठांची टोके कायमची खाली वळलेली. कपाळातून एक बारीक काडी निघाली होती आणि तिच्या टोकाला मांसाचा चिमुकला गोंडा होता. ही त्याची गळाची काठी. गोंडा आमिषासारखा हलवायचा, भुलून कोणी जवळ आले की गट्ट करायचे. निसर्गाने माशालाच कोळी केले होते, आणि हा विचार मनात आला की डॉक्टरांच्या अंगावर काटा येई.

दुकानदाराने देताना बजावले होते, “मेलेलं खात नाही, साहेब. पडलेलं खात नाही. हललं तर खाणार. आणि दुसरे मासे ठेवाल तर आधी ते खाणार.” म्हणून टाकीत दुसरा मासा नव्हता, आणि गच्चीत एका पिंपात जिवंत कोळंब्या होत्या.

मासा पाहताच पत्नीच्या तोंडून निघाले होते, “अगबाई, मामंजी!”

“माझ्या वडिलांना मासा म्हणतेस?”

“माशाला मामंजी म्हणतेय. माशाचा मान वाढवतेय.”

यावर डॉक्टरांनी तासभर युक्तिवाद केला असता, पण त्यांचे लक्ष माशाच्या ओठांकडे गेले आणि ते गप्प झाले. ओठ खरोखरच वडिलांचे होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून समोर येणाऱ्या प्रत्येक ताटाकडे वडील याच ओठांनी पाहत. शेवटच्या आजारात ते फक्त सुनेच्या हातून खात; मुलगा चमचा घेऊन आला की तोंड मिटून घेत. उभ्या कारकिर्दीत डॉक्टरांना ज्याचे तोंड उघडता आले नाही असा माणूस तो एकच.

आणि आता हा मासा.

डॉक्टरांची भरवण्याची पद्धत निर्दोष होती. पिंपातून एक कोळंबी निवडायची, ती दवाखान्यातल्या तपकिरी काचेच्या धुतलेल्या बाटलीत पाण्यासकट घ्यायची, रबरी बूच लावायचे, आणि बाटली टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे तापमान एक होते. मग बाटली हळूच उलटी करायची. कोळंबी एखाद्या पिकल्या पानासारखी संथपणे खाली उतरे आणि वाळूवर निजे. मामंजी तिच्याकडे एकवार पाहत आणि कोपरांवर चालत जाऊन तिच्याकडे पाठ करून बसत. थोड्या वेळाने कोळंबीही खडकाखाली नाहीशी होई. असे रोज चालले होते. इतके दिवस अन्नावाचून मासा टवटवीत कसा, याचे डॉक्टरांना नवल वाटत होते. त्यावर एक निबंध लिहिण्याचेही त्यांच्या मनात होते.

“किती दिवस चाललंय हे?” बशी खाली ठेवत डॉक्टरांनी विचारले.

“पहिल्या आठवड्यापासून,” पत्नी म्हणाली. ती शाळेत भूमिती शिकवत असे आणि कबुलीजबाबही पायऱ्यापायऱ्यांनी देत असे. “तुम्ही खाली गेलात की मी भरवते. मी शाळेत असले की आई भरवते.”

“आणि तो खातो?”

“खातात,” सासूबाईंनी क्रियापद दुरुस्त केले. “गोंडा हलवतात, आणि एकदम नाहीच! दिसतसुद्धा नाही कधी गिळलं ते. मी तर हात जोडले पहिल्यांदा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुमचं मन मोडू नये म्हणून,” पत्नी म्हणाली.

“कशाने भरवता?”

माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिले. “गाळणीने,” सासूबाई म्हणाल्या.

“कोणत्या गाळणीने?”

डॉक्टरांनी बशीतल्या चहाकडे पाहिले आणि बशी सावकाश दूर सारली.

“धुते हो मी,” सासूबाई म्हणाल्या. “नंतर.”

प्रश्न गाळणीचा नव्हता. येत्या रविवारी माय-लेकी दोघीही पत्नीच्या भावाकडे जाणार होत्या. भावजयीचे दिवस भरत आले होते, आणि मुक्काम महिन्याचा तरी होता. पत्नीने विषय तिथे आणून सोडला. “आम्ही नसताना ह्यांना तुम्हीच भरवायचं. तुमच्याकडून खात नसतील तर उपाशी मरतील. मी दुकानदाराशी बोललेय. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी तुमच्या हातून एक घास घेतला तर राहू देत. नाहीतर परत. जिवाशी खेळ नको.”

“माझ्या अपरोक्ष निकाल?”

“निकाल नाही. मुदत दिलीय.”

डॉक्टरांनी मुदत मान्य केली, कारण तिच्यात त्यांना दोष सापडला नाही, आणि दोष न सापडणे त्यांना फार लागले.

त्या दिवशी दवाखान्यात त्यांचे चित्त नव्हते. एका रोग्याच्या अक्कलदाढेकडे ते इतका वेळ पाहत राहिले की तो घाबरला. वास्तविक डॉक्टरांना तिच्या खाचांमध्ये प्रवाळाची घडण दिसत होती. आयुष्यभर आपण तोंडांतल्या गुहांमधून हिंडलो आणि हे साम्य आजच लक्षात यावे, याने ते भारावले होते. “सुंदर!” ते पुटपुटले. “काढायची का मग?” रोग्याने विचारले. “हिला? मुळीच नाही!” डॉक्टर म्हणाले. तो बिचारा दाढ काढवून घ्यायलाच आला होता.

दुपारपर्यंत त्यांचा सिद्धांत तयार झाला. मासा माणसे ओळखतो. कोळंबी तीच, पाणी तेच, टाकी तीच, वेगळी फक्त व्यक्ती. तेव्हा कारण व्यक्तीतच असले पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत घर रिकामे होते. सासूबाई गच्चीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या. डॉक्टरांनी पत्नीचा फुलाफुलांचा गाऊन चढवला, तिच्यासारखाच डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि पद्धतशीरपणे तापमान साधलेली बाटली घेऊन ते टाकीपुढे उभे राहिले.

मामंजींनी वर पाहिले. गोंडा किंचित थरथरला.

“डॉक्टर…”

दारात पत्नीच्या शाळेतल्या संगीताच्या बाई उभ्या होत्या, गालावर रुमाल दाबून. गाल टेनिसच्या चेंडूएवढा सुजला होता आणि डोळे त्याहून मोठे झाले होते.

“खाली कोणी नव्हतं,” त्या एका बाजूने बोलल्या. “दाढ फार… मी नंतर येते.”

“बसा,” डॉक्टर न वळता कुजबुजले. “हलू नका. मामंजी बघताहेत.”

बाईंनी आज्ञा पाळली, बहुधा भीतीने. कोळंबी पानासारखी खाली आली आणि वाळूवर निजली. मामंजी उठले, दोन्ही कोपरांवर भार देत, सावकाश, एखाद्या सभेचा त्याग करावा तसे चालत गेले, आणि पाठ करून बसले.

“चालला!” संगीताच्या बाई म्हणाल्या. रुमाल त्यांच्या हातून गळून पडला होता. “हा चालतो?”

“चालतो.”

“आणि श्वास? कल्ले तर दिसत नाहीत.”

“काखेतल्या भोकातून,” डॉक्टर खिन्नपणे म्हणाले.

बाई पुढे सरकल्या. काचेला नाक लागेपर्यंत सरकल्या. जांभळ्या खडकावर असंख्य हात हलत होते, हिरव्या झुंबरासारखे काहीतरी पाण्याबरोबर मिटत होते आणि उलगडत होते, आणि या सगळ्याच्या मध्यभागी तो संत्र्याच्या रंगाचा रुसवा बसला होता.

“जन्मभर सूर शिकवला मी,” बाई शेवटी हळूच म्हणाल्या. “आवाज न करता इतकं काही चालू असतं, हे कोणी सांगितलंच नाही मला.” मग गालाला हात लावून म्हणाल्या, “दुखायचं थांबलं बहुतेक.” आणि खरोखरच निघून गेल्या. दाढ पुन्हा ठणकू लागल्यावर त्या संध्याकाळी परत आल्या. ती दुरुस्त करून घेत असताना गाऊनबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. तोंडात कापूस होता.

शनिवार उजाडला. दुकानदार संध्याकाळी येणार होता. डॉक्टर रात्रभर तळमळले होते, आणि सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर एक नवाच निश्चय दिसत होता.

“मला न्याय हवा,” ते म्हणाले. “हा मासा पक्षपाती आहे, आणि ते मी सिद्ध करून दाखवणार. परत द्यायचा तर दोष कोणाचा ते ठरवून द्या.”

“कसं सिद्ध करणार?” पत्नीने विचारले.

“माझी कोळंबी, माझी बाटली, माझी पद्धत, हात मात्र तुझा. त्याने खाल्लं, की वैर माझ्या व्यक्तीशी आहे हे निर्विवाद ठरलं.”

“आणि नाही खाल्लं तर?”

“तो प्रश्नच उद्भवत नाही.”

दवाखाना आटोपून उन्हे कलताना डॉक्टर वर आले, तेव्हा पत्नीने बाटली घेतली, तरंगत ठेवली, डॉक्टरांनी खूण करताच उलटी केली. कोळंबी पानासारखी उतरली. मामंजींनी रोज खाऊ घालणाऱ्या त्या हाताकडे पाहिले, वाळूवर निजलेल्या त्या अन्नाकडे पाहिले, आणि पाठ फिरवली.

“अरे!” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या लेकीशीही अबोला?”

पत्नी मात्र कोळंबीकडे पाहत होती. “अहो, तुमच्या सगळ्याच कोळंब्या अशा निजतात का?”

“निजत नाहीत. शांत असतात. तापमान साधल्यामुळे त्यांना धक्का बसत नाही. तुम्ही गाळणीने फेकता ती घाबरून सैरावैरा पळते.”

“आणि ह्यांना हलणारंच लागतं.”

डॉक्टर वाळूवरच्या कोळंबीकडे वाकून पाहू लागले.

“हात बदलला, बाटली तीच ठेवली. तरी नाही खाल्लं,” पत्नी फळ्यासमोर उभी असल्यासारखी म्हणाली. “म्हणजे दोष हाताचा नाही. बघू ती बाटली.” तिने बूच नाकाशी नेले आणि आईकडे दिले. सासूबाईंनी हुंगले आणि लगेच म्हणाल्या, “लवंग!”

“अशक्य,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बूच घेऊन दीर्घ श्वास घेतला. “कसलाही वास नाही.”

“अहो, घमघमतंय!”

“लवंगेला वास असतो हे मला मान्य आहे. ह्या बुचाला नाही.” त्यांनी पुन्हा हुंगले, डोळे मिटून हुंगले, एका नाकपुडीने हुंगले. रबर धुऊन स्वच्छ होते. त्या बाटलीत पूर्वी लवंगेचे तेल असे हे खरे होते. दुखरी दाढ बधिर करायला त्यासारखे दुसरे काही नाही, हेही खरे होते. रबर एकदा तेल प्यायले की सोडत नाही, हे तर ते स्वतः सहायकाला…

डॉक्टर हळूच खुर्चीवर बसले. वर्षानुवर्षे या वासात जगलेल्या त्यांच्या नाकाला तो वास हवेइतकाच ओळखीचा, आणि म्हणून हवेइतकाच अदृश्य झाला होता.

“भूल,” ते म्हणाले. “मी कोळंब्यांना भूल देत होतो.”

“आणि उतरली की त्या उठून जात होत्या,” पत्नी म्हणाली.

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “निदान एकीलाही दुखलं नाही.”

दुसरा कोणी असता तर हसला असता. डॉक्टर टाकीकडे पाहत राहिले. एवढासा जीव, मेंदू वाटाण्याएवढा तरी असेल की नाही, पण जिवंत आणि बधिर यांतला फरक त्याने दुरून, एका नजरेत ओळखला होता. आपला हात पुढे आला म्हणून त्याने अन्न नाकारले नव्हते. अन्न अन्न नव्हते, म्हणून नाकारले होते. त्यात वैर नव्हते की पक्षपात नव्हता. होती ती फक्त अचूकता, आणि अचूकतेपुढे डॉक्टर नेहमीच नमत.

“गाळणी कुठे आहे?” त्यांनी विचारले.

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. सासूबाईंनी ते स्वतः हुंगून मंजूर केले. गच्चीतल्या पिंपातून एक कोळंबी गाळणीत आली. ती उसळत होती, तडतडत होती, आणि जिन्यावरून उतरताना डॉक्टरांनी तिच्यावर पंजा धरला होता, वाऱ्यात दिवा जपावा तसा. माय-लेकी मागून आल्या. खाली दुकानदाराच्या स्कूटरचा आवाज थांबला. कोणी खिडकीकडे पाहिले नाही.

गाळणी पाण्यात उतरली. कोळंबी सुटली, गिरकी घेऊन वर गेली, खाली आली, खडकाच्या कडेने पायांची जुळवाजुळव करत पुढे निघाली. मामंजी हलले नाहीत. मग कपाळावरची काडी उठली, आणि टोकाचा तो गोंडा थरथरू लागला, इतक्या नाजूकपणे की त्याला जणू स्वतःचा वेगळा जीव होता. कोळंबी थबकली. गोंड्याने तिला बोलावले. ती एक पाऊल आली. टाकीतले सगळे हात, सगळी झुंबरे, सगळे पाणी जणू त्या एका बिंदूकडे पाहत होते. डॉक्टरांनी पापणी लववली नाही. हा क्षण चुकवायचा नाही असे त्यांनी स्वतःला बजावले होते.

कोळंबी होती. कोळंबी नव्हती. मध्ये काहीच घडले नव्हते.

पाणी तसेच, खडक तसाच, ओठांची टोके पूर्वीसारखीच खाली. फक्त त्या नाराज ओठांच्या कोपऱ्यातून एक बारीकशी मिशी बाहेर राहिली होती. तीही सावकाश आत गेली. मामंजींनी डॉक्टरांकडे पाहिले. पसंती नव्हती, आभार नव्हते. पण घास घेतला होता.

“घेतला,” पत्नी हलकेच म्हणाली. “तुमच्या हातून.”

डॉक्टर वाकलेले होते, डोळे भरले होते, आणि तोंड जे उघडले होते ते मिटायचे विसरले होते. खिडकीतले संध्याकाळचे कललेले ऊन नेमके त्या उघड्या तोंडात पडले होते. पत्नीने प्रेमाने त्यांच्याकडे पाहिले. मग जरा वाकून पाहिले. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“अहो, हलू नका.”

“आं?”

“आई, चष्मा लावून ये बरं इकडे. ती खालची बघ. डावीकडची, शेवटून दुसरी.”

“काळी ठिक्कर झालीय गं! मधोमध खड्डा आहे की!”

डॉक्टरांनी तोंड खाडकन मिटले. “तो डाग आहे,” ते म्हणाले. “चहाचा. दाढ किडलेली असती तर मला कळलं नसतं?”

“बूच कळलं होतं का?” पत्नी म्हणाली. “म्हणूनच टोस्ट बुडवून खाताय होय इतके दिवस! उद्या आम्ही निघायच्या आधी चौकातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून यायचं.”

“ती? तिचं कुठलंच निदान मला कधी पटलेलं नाही!”

“पटायची गरज नाही. तिथे तुम्हाला फक्त तोंड उघडं ठेवायचंय, आणि गप्प बसायचंय.”

या विधानात निदान तीन तर्कदोष होते. डॉक्टरांनी पहिला दाखवून देण्यासाठी तोंड उघडले, आणि दोघी पुन्हा आत डोकावल्या.